हिरेशोध कंपन्यांचे शेअर: सोन्याचा टंच इथं लागू पडत नाही

परदेशी ब्रोकरकडं खातं उघडलं की कॅनडाच्या बाजारात नोंदलेल्या छोट्या हिरेशोध कंपन्यांचे शेअर सांगलीत बसून घेता येतात. विटा-खानापूरच्या गलाईवाल्या घरांना या मालाचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. ज्यांच्या तीन पिढ्या सोन्याचा टंच काढण्यात गेल्या, त्यांना जमिनीतली मौल्यवान वस्तू परकी वाटत नाही. पण सोन्याची सवय इथं उपयोगी पडण्यापेक्षा आड येते. आम्ही या मालाला पाचपैकी दोन देतो. तांत्रिक अहवाल स्वतः वाचायची तयारी असेल त्यांच्यासाठी तीन.

आधी कॅरेटचा घोळ. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो, हिऱ्याचा कॅरेट वजन: ०.२ ग्रॅम. सोन्याच्या खाणीचा अहवाल ‘टनाला २ ग्रॅम’ म्हणतो, तेव्हा तो ग्रॅम कुठल्याही देशातला असो, भाव एकच. हिऱ्याचा अहवाल ‘शंभर टनांत ८० कॅरेट’ म्हणतो, तेव्हा किमतीबद्दल काहीच कळलेलं नसतं. लेसोथोतल्या लेत्सेंग खाणीत शंभर टनांत २ कॅरेटही मिळत नाहीत. तरी ती चालते, कारण तिथले खडे मोठे असतात आणि कॅरेटला हजार डॉलरच्या वर भाव मिळत आला आहे. म्हणून पहिला हिशोब असा: शंभर टनांतले कॅरेट गुणिले कॅरेटचा भाव, भागिले शंभर. ८० कॅरेट आणि ६० डॉलर भाव असेल, तर टनामागे ४८ डॉलर. जाहिरातीत यातला पहिलाच आकडा मोठ्या अक्षरात असतो.

किंबरलाइट हा ज्वालामुखी खडक. तो म्हणजे हिऱ्यांची खाण नव्हे, ते फक्त वाहन. हिरे बनतात सुमारे १५० किलोमीटरच्या खाली, जुन्या, जाड आणि थंड भूखंडांच्या मुळाशी. किंबरलाइटचा वितळलेला रस तिथून जोरात वर येताना त्यांना सोबत आणतो आणि वर थिजून उभा खांब बनतो, तोच पाइप. क्लिफर्डचा नियम सांगतो की किफायतशीर पाइप बहुधा २५० कोटी वर्षांहून जुन्या क्रेटॉनवरच, म्हणजे अशा जुन्या, स्थिर भूखंडांवरच मिळतात. जगात ६ हजारांच्या वर किंबरलाइट सापडले, त्यांतले खाण चालण्याजोगे निघाले ते शंभराच्या आत. म्हणून ‘किंबरलाइट सापडला’ या बातमीवर शेअर घेऊ नये.

आपल्या भागात एक प्रश्न हमखास निघतो. कृष्णाकाठी कोल्लूरला जगप्रसिद्ध हिरे निघाले, मग महाबळेश्वर ते सांगली या पट्ट्यात का नाहीत? नदी तीच असली तरी खडक वेगळा. साताऱ्याचा काळा पत्थर हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, हिरे बनतात त्याहून कमी खोलीवर वितळलेला. कृष्णेला हिरे मिळाले ते पुढं, आंध्रातल्या जुन्या खडकांच्या मुलखात.

शोधाची सुरुवात गाळातल्या खुणेच्या खनिजांपासून होते: गार्नेट, काळं इल्मेनाइट, क्रोमाइट, गर्द हिरवं क्रोम डायोप्साइड. यातलं जी-१० जातीचं गार्नेट महत्त्वाचं. भिंगाखाली ते जांभळट दिसतं. क्रोमियम जास्त, कॅल्शियम कमी. दाण्याभोवतीची गडद साल शाबूत असेल तर उगम जवळ आहे, कारण प्रवाहात ती झिजून जाते. मात्र नुसता रंग पुरत नाही, दाण्यांची रासायनिक तपासणी झालेली हवी.

पुढची पायरी सूक्ष्म हिऱ्यांची. कोअरचे (ड्रिलिंगनं काढलेल्या दगडी दांड्याचे) काही किलो तुकडे भट्टीत कॉस्टिक सोड्यात वितळवतात. खडक विरतो, हिरा राहतो. गलाईच्या मुशीशी ज्यांचा हात बसला आहे त्यांना हे सांगावं लागणार नाही. इथं एकूण नगांचा आकडा फसवा असतो. पाहायचं ते चाळणीनिहाय: बारीक चाळणीकडून मोठीकडे जाताना नग हळूहळू घटतात की एकदम तुटतात? एकदम तुटत असतील तर विकण्याजोगा खडा मिळणं अवघड. कॅनडात १९९१ साली पॉइंट लेकच्या ५९ किलो कोअरमध्ये ८१ बारीक हिरे मिळाले आणि सगळा बाजार तिकडं धावला. १९९८ मध्ये एकाटी खाण सुरू झाली ती मात्र दुसऱ्याच, पांडा नावाच्या पाइपवर.

आता आकार. हरिपूरच्या हळदीच्या पेवाचं तोंड अरुंद आणि पोट मोठं. किंबरलाइटचा पाइप बरोबर उलटा, गाजरासारखा. तोंड ५ हेक्टर, खोली ३०० मीटर, घनता २.५ धरा. सरळ विहिरीसारखा मोजला तर ३.७५ कोटी टन. भिंती ८ अंश आत झुकल्या की तळाशी जेमतेम सव्वादोन हेक्टर उरतात आणि माल येतो २.६ कोटी टनांवर. म्हणून खोलवर तिरपं ड्रिलिंग झालंय का, ते नकाशात शोधावं.

शिवाय एक पाइप म्हणजे एकच माल नव्हे. तो अनेक स्फोटांनी भरतो आणि प्रत्येक भरावात हिऱ्यांचं प्रमाण वेगळं असतं. कुठं बाजूचा हिरे नसलेला दगड मिसळून माल पातळ होतो. बेदाण्याच्या सौद्यात वरच्या थरावर बोली लावणारा व्यापारी जसा बुडतो, तसंच एका भरावाचा आकडा अख्ख्या पाइपला लावणाऱ्याचं होतं. पाइप नसून पातळ डाइक, म्हणजे भेगेत भरलेली खडकाची पट्टी असेल तर काढताना दोन्ही बाजूंचा निरुपयोगी दगडही येतो. स्नॅप लेक ही अशीच डाइकवरची खाण, भूजलानं हैराण झालेली. २००८ ला सुरू, २०१५ ला बंद.

भाव ठरवायला काही हजार कॅरेटची पुडी लागते. ३०० कॅरेटच्या पुडीत एक २० कॅरेटचा खडा आला तरी सरासरी आभाळाला भिडते. क्वेबेकच्या रेनार्ड खाणीत अभ्यासात धरलेला भाव प्रत्यक्षात मिळाला नाही, प्रक्रियेत हिरे फुटण्याचा त्रासही झाला. २०१९ मध्ये कंपनीला न्यायालयाचं संरक्षण घ्यावं लागलं आणि २०२३ मध्ये काम थांबलं. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बारीक मालाचे भाव पाडलेत, तेव्हा जुन्या अहवालातला भाव तर धरूच नये.

पैशांची बाजू थोडक्यात. वर्षाला माणशी २.५ लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एप्रिल २०२५ पासून १० लाखांवरच्या गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ कर) घेते, तो विवरणपत्रात वळता करून मिळतो. परदेशी शेअर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’ या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावेच लागतात. कॅनडातल्या कंपनीकडून एनआय ४३-१०१ अहवाल (तिथल्या नियमांनुसारचा तांत्रिक अहवाल) घ्यावा आणि त्यात ‘इन्फर्ड’ (नुसता अंदाजानं धरलेला) लिहिलेला साठा शून्य धरून हिशोब करावा. चाळणीनिहाय तक्ता मागूनही मिळाला नाही, तर खातं उघडायच्या आधीच थांबावं.