एनबीए लीग पास: नव्या दमाच्या खेळाडूंसाठी घ्यावा का?

लीग पास म्हणजे एनबीएचे, अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे, सामने इंटरनेटवर बघण्याची वर्गणी. एनबीएच्या एका हंगामात ३० संघ प्रत्येकी ८२ सामने खेळतात, म्हणजे प्लेऑफ (शेवटची बाद फेरी) धरले नाहीत तरी १२३० सामने. टीव्हीवर किंवा इतर अ‍ॅपवर दिसणारे सामने यातून निवडून घेतलेले असतात, आणि निवडणाऱ्याचा हात आधी लेकर्स, वॉरियर्स, सेल्टिक्स यांच्याकडे जातो. लेब्रॉन आणि करी बघायचे असतील तर तेवढ्यावर भागतं. पण डॅलस मॅव्हरिक्सच्या कूपर फ्लॅगसारख्या नवख्याचं पहिलं वर्ष सलग बघायचं असेल, किंवा सॅन अँटोनियो स्पर्समध्ये व्हिक्टर वेंबान्यामाच्या भोवती स्टेफन कॅसल आणि डिलन हार्पर कसे बसतात हे समजून घ्यायचं असेल, तर लीग पासला पर्याय नाही. शार्लटचा मंगळवारचा सामना दुसरं कोण दाखवणार? त्यामुळे या वर्गणीचं मोल ‘किती सामने मिळतात’ यावर ठरवू नये. आपल्याला हव्या त्या दोन-तीन पोरांचे सगळे सामने मिळतात का, हे बघावं. भारतात ते बहुधा मिळतात.

घेण्याआधी घड्याळाचा हिशेब करा, कारण पैसे वाया जातात ते इथेच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत अमेरिकेत हिवाळी वेळ असते. त्या काळात न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाचे संध्याकाळी साडेसातचे सामने आपल्याकडे सकाळी ६ वाजता सुरू होतात. सॅन अँटोनियो, ओक्लाहोमा सिटी, डॅलस इथले सातचे सामने साडेसहाला, आणि पश्चिम किनाऱ्यावरचे सातचे सामने थेट साडेआठला. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चच्या मध्यापासून पुढे हे सगळं एक तास अलीकडे येतं. फिलाडेल्फिया मग पहाटे ५ ला. एक सामना सव्वादोन ते अडीच तास चालतो. साडेनऊला कामावर पोचायचं असेल तर अमेरिकेच्या मध्य भागातले संघ जेमतेम जमतात, पश्चिमेकडचे जमतच नाहीत. सॅक्रामेंटो किंग्ज आपल्याला जवळचे वाटतात. मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्सविरुद्ध भारतातले पहिले दोन एनबीए सामने खेळला तो हाच संघ. पण त्यांचे घरचे सामने हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. नोकरदार माणसाने थेट बघण्यासाठी त्या एकाच संघाचा पास घेऊ नये.

रात्री जागणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारचे दुपारचे सामने आहेत. अमेरिकेच्या पूर्वेकडे दुपारी १ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेअकरा. नाताळच्या दिवशी पाच सामने असतात आणि पहिला साधारण रात्री साडेदहाला सुरू होतो. ज्याला अजून ही लीग आवडते की नाही हेच कळलेलं नाही, त्याने सुरुवात त्या रात्री करावी.

बाकी सगळ्यांना थेट सामन्यापेक्षा रिप्ले जास्त उपयोगी पडतो, आणि लीग पासची खरी किंमत रिप्लेतच वसूल होते. पूर्ण सामना मिळतो, शिवाय साधारण १० मिनिटांची छोटी आवृत्तीही मिळते. ही छोटी आवृत्ती मात्र जपून वापरा. त्यात बास्केटमध्ये पडलेले फटके आणि ठळक ब्लॉक (हाताने अडवलेले फटके) असतात, पण नवा खेळाडू घडताना दिसतो तो त्यांच्या मधल्या वेळात. वेंबान्यामाने २०२३-२४ मध्ये, पहिल्याच वर्षी, सामन्यामागे ३.६ ब्लॉक करून लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. छोट्या आवृत्तीत ते ब्लॉक दिसतील. पण बास्केटकडे निघालेला गार्ड त्याला आत उभा बघून ड्रिबल करत परत मागे वळतो आणि फटका मारायला मिळणाऱ्या २४ सेकंदांतले सहा-सात सेकंद तिथेच संपतात, हे कुठल्याच कात्रणात येत नाही. अटलांटाच्या डायसन डॅनियल्सचंही तसंच. २०२४-२५ मध्ये त्याने २२९ स्टील केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू हिसकावला, आणि सर्वाधिक प्रगतीचा पुरस्कार घेतला. चेंडू न मिळता नुसता हात लागून पास बिघडला, असे प्रसंग त्याहून कितीतरी जास्त, आणि ते पूर्ण सामन्यातच दिसतात.

फ्लॅगचं उदाहरण तर अगदी चपखल आहे. सहा फूट नऊ इंचाचा फॉरवर्ड, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होताना प्रशिक्षक जेसन किडने त्याच्याकडे पॉइंट गार्डचं, म्हणजे चेंडू पुढे आणून डाव रचण्याचं, काम दिलं. अठरा वर्षांच्या उंच मुलाला पूर्ण कोर्टभर चेंडू घेऊन यायला लावलं की टर्नओव्हर होणार (चेंडू गमावला जाणार) आणि फटक्यांची टक्केवारी पडणार. नुसते आकडे बघणाऱ्याला वाटेल, पोरगा अडखळतोय. सामना बघणाऱ्याला कळतं की त्याच्यावर छोट्या चपळ गार्डचा दबाव आहे, आणि अर्ध्या कोर्टापर्यंत येईतो शॉट क्लॉकचे (त्या २४ सेकंदांच्या घड्याळाचे) सहा-सात सेकंद गेलेले आहेत.

वेळ कमी असेल तर पूर्ण सामन्यातले दुसरा आणि चौथा क्वार्टर बघावेत. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला राखीव खेळाडू मैदानात असतात, तेव्हा नवख्याच्या हातात चेंडू जास्त वेळ राहतो. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या सहा मिनिटांत प्रशिक्षक त्याला ठेवतो की बसवतो, यावरून त्याच्या बचावावर किती भरवसा आहे ते समजतं. कॅसलला २०२४-२५ चा सर्वोत्तम नवोदित पुरस्कार मिळाला, तोही तीन गुणांच्या फटक्यांची टक्केवारी ३० च्या खाली असताना. त्याला मिनिटं कशामुळे मिळत होती, हे बॉक्स स्कोअर (सामन्याच्या आकड्यांचा तक्ता) सांगत नाही. चेंडूवाल्याला तो कसा चिकटतो ते बघितल्यावर उलगडतं.

सामना उघडताना कुठल्या संघाचं प्रक्षेपण हवं ते निवडता येतं. पुष्कळ जण समोर येईल ते दाबतात आणि हा पर्याय वाया घालवतात. नवख्या खेळाडूसाठी नेहमी त्याच्याच संघाचं प्रक्षेपण घ्या, सामना बाहेरगावी असला तरी. स्थानिक समालोचक वर्षभर त्याच संघाबरोबर असतात. सरावात काय बदल केला, फ्री थ्रोची पद्धत कशी सुधारली, गेल्या सामन्यात शेवटी का बसवलं, हे त्यांच्या बोलण्यात सहज येऊन जातं. फाउलच्या निर्णयांवर मात्र ते आपल्याच संघाची बाजू घेतात, तेवढं वजा करून ऐकावं. मराठी समालोचन नाही.

रिप्ले बघायचा तर निकाल आधी कळता कामा नये. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्कोअर लपवण्याचं बटण आहे, ते पहिल्याच दिवशी चालू करा. तेवढ्याने काम होत नाही. त्याच अ‍ॅपच्या सूचना फोनच्या सेटिंगमधून वेगळ्या बंद कराव्या लागतात. यूट्यूबवर एकदा हायलाइट पाहिलेत की दुसऱ्या दिवशी मुखपृष्ठावर निकालासकट चित्र येतं, त्यामुळे तिथली ‘पाहिलेले’ यादी पुसून टाका. आणखी एक बारीक गोष्ट: व्हिडिओच्या पट्टीवर एकूण लांबी दिसते. ती नेहमीपेक्षा बरीच जास्त असेल तर सामना ओव्हरटाइममध्ये गेला हे न बघताच कळतं. पट्टीवर बोट न ठेवता दहा-दहा सेकंद पुढे नेण्याचं बटण वापरणं बरं. सामना अजून चालू असताना उघडलात तर तो चालू क्षणावर उघडू शकतो आणि कोपऱ्यातला स्कोअर डोळ्यांत भरतो. म्हणून सामना संपल्याची खात्री वेळेवरून करून घ्या, सुरुवातीपासून तीन तास धरून चाला.

थेट बघणाऱ्यांनीही सूचना बंदच ठेवाव्यात. इंटरनेटवरचं चित्र मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं आणि सूचना त्याच्या आधी पोचते. शेवटच्या मिनिटात हे फार बोचतं.

डेटाचा हिशेब सोपा आहे. चांगल्या चित्रासाठी ५ एमबीपीएसचा वेग धरला तर ताशी सव्वादोन जीबी लागतात, म्हणजे एका सामन्याला पाचाच्या वर. रोज दीड जीबीच्या मोबाइल प्लॅनवर ४० मिनिटांत कारभार आटोपतो, मध्यंतरसुद्धा गाठता येत नाही. घरी ब्रॉडबँड असेल तरच टीव्हीवर लावा. एसटीत किंवा लोकलमध्ये बघायचं असेल तर सामना आधी डाउनलोड करण्याची सोय महागड्या प्रीमियम योजनेत आहे. प्रीमियममध्ये एकाच वेळी एकाहून अधिक उपकरणांवर बघता येतं, आणि जाहिरातींच्या वेळात मैदानातलंच चित्र चालू राहतं. एकटा माणूस घरच्या वाय-फायवर बघणार असेल तर साधी योजना पुरते. दोन भावंडं वेगवेगळ्या खोल्यांत वेगवेगळे सामने लावणार असतील तरच वरचे पैसे द्या. एकाच संघाची स्वस्त योजनाही असते. स्पर्सवर जीव असेल तर ती वाईट नाही, पण तरुण खेळाडू ३० संघांत विखुरलेले आहेत. फिलाडेल्फियाचा व्ही. जे. एजकोम्ब बघावासा वाटला, शार्लटचा कॉन कनूपेल बघावासा वाटला की ती अपुरी पडते.

वर्षाची वर्गणी ऑक्टोबरमध्ये घेण्याची घाई नको. हंगाम पुढे सरकतो तशी किंमत उतरते, सवलती येतात. नव्या पोरांच्या दृष्टीने जानेवारीपासूनचा काळ अधिक भरीव असतो. तोपर्यंत प्रशिक्षकाने त्यांची जागा ठरवलेली असते आणि विरोधकांनीही त्यांच्या खोडी ओळखलेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये तळाचे संघ मोठ्या खेळाडूंना बसवून नवख्यांना ३५ मिनिटं खेळवतात. तेव्हाचे गुणांचे डोंगर मात्र तोलूनच बघावेत, कारण समोरचा बचावही सैल असतो.

वर्गणी आपोआप पुढच्या वर्षासाठी नूतन होते, हे पैसे भरतानाच लक्षात ठेवा. अंतिम फेरी जूनमध्ये संपली की खात्यात जाऊन नूतनीकरण बंद करा. कार्डावर कायमची परवानगी दिली असेल तर रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेकडून आपल्याला तसा संदेश यावा लागतो. तो जाहिरात समजून पुसू नका.

अमेरिकेतली परीक्षणं वाचून गोंधळ होतो, कारण तिथे निम्मी ओरड ब्लॅकआउटची असते. तिथे आपल्या भागातल्या संघाचे सामने आणि राष्ट्रीय वाहिन्यांवरचे सामने लीग पासवर थेट दिसत नाहीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी घरात निक्ससाठी, किंवा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या घरात वॉरियर्ससाठी हा पास घेणं म्हणजे नेमका तोच संघ गमावणं. त्यांनी स्थानिक वाहिनीची सोय बघावी. स्पर्स किंवा ओक्लाहोमा सिटी थंडरचे चाहते असाल तर तिथेही पास कामाचा आहे. भारतासाठी नियम वेगळे असतात. ते प्रसारण करारांप्रमाणे बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या पानावर देशानुसार दिलेली ब्लॅकआउटची ओळ दरवर्षी नव्याने वाचा.

पासबरोबर एनबीएच्या संकेतस्थळावरच्या दोन फुकट गोष्टी वापराव्यात. एक म्हणजे बॉक्स स्कोअर. तिथे खेळाडूच्या नावापुढच्या आकड्यावर दाबलं की त्या प्रत्येक फटक्याचा, असिस्टचा (ज्यावर बास्केट झाली त्या पासचा), टर्नओव्हरचा व्हिडिओ उघडतो. सामना बघून झाल्यावर फक्त टर्नओव्हरचे पाच तुकडे सलग बघा. चूक पासची होती की पायांच्या हालचालीची, ते लगेच कळतं. दुसरी गोष्ट दुखापतींचा अधिकृत अहवाल. संघांना सामन्याच्या आदल्या दिवशी, आणि लागोपाठ दोन दिवस सामने असतील तर दुसऱ्यासाठी त्याच दिवशी, कोण खेळणार, कोण शंकास्पद, कोण बाहेर हे कळवावं लागतं. सहाचा गजर लावण्याआधी तो चाळावा, विशेषतः संघ लागोपाठ दोन दिवस खेळत असेल तेव्हा. दुसऱ्या रात्री बसवले जाणारे बहुधा दुखापतीतून नुकते परतलेले असतात.

याच अहवालाला २०२३-२४ पासून आणखी वजन आलं आहे. एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) सारख्या मोठ्या पुरस्कारांसाठी आणि ऑल-एनबीए या हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघासाठी किमान ६५ सामने खेळण्याची अट त्या हंगामापासून लागू झाली. वेंबान्यामा २०२४-२५ मध्ये ४६ सामन्यांवर थांबला, उजव्या खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे. बचावाचा पुरस्कार त्याच्या आवाक्यात होता, तो क्लीव्हलँडच्या इव्हान मोबलीकडे गेला. ज्याच्यासाठी पास घेतलात तो खेळाडू फेब्रुवारीत असा थांबू शकतो, म्हणून एकाच नावावर वर्षाचे पैसे लावू नका. दोन-तीन संघ मनात धरा आणि त्यातला एक अमेरिकेच्या मध्य भागातला ठेवा, म्हणजे निदान साडेसहाचा सामना चहाबरोबर थेट बघता येईल.