मेथोट्रेक्सेट पुरत नाहीये, आता पुढे काय? ट्रिपल, बायोलॉजिक इंजेक्शन की टोफा

आमवाताचं, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसचं निदान झालंय, मेथोट्रेक्सेट सुरू होऊन काही महिने झालेत आणि तरी सकाळी तासभर मूठ वळत नाही, पोळी लाटताना मनगट धरतं, ईएसआर-सीआरपी (रक्तातली सूज दाखवणाऱ्या टेस्ट) खाली यायचं नाव घेत नाही, मग डॉक्टर म्हणतात आता औषध वाढवू. इथे साधारण तीन रस्ते असतात. एक, जुन्या गोळ्यांचं त्रिकूट, ज्याला ट्रिपल थेरपी म्हणतात. दुसरा, बायोलॉजिक इंजेक्शन. तिसरा, टोफासिटिनिब नावाची गोळी, जिला सगळे टोफा म्हणतात. माझ्या आईच्या वेळी आम्ही याच चौकात उभे होतो, तेव्हापासून यावरच्या ट्रायल्स मी जमेल तशा वाचत आलेय, आणि कोणी विचारलं की हेच सगळं परत परत सांगते म्हणून एकदा नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, निर्णय तुमच्या रुमेटॉलॉजिस्टबरोबरच घ्या, पण जाताना हे डोक्यात असू द्या.

(गुडघे झिजल्याचं दुखणं वेगळं, त्यात यातलं काहीच लागत नाही. चिकनगुनियानंतर महिनोन्महिने सांधे सुजतात तेही हुबेहूब आमवातासारखं दिसतं, पण त्यात अँटी-सीसीपी (आमवात ओळखायची रक्ताची टेस्ट) बहुतेक वेळा निगेटिव्ह येते. सोरायसिसचा संधिवात असेल तर त्याचंही गणित वेगळं. तेव्हा आधी निदान पक्कं आहे ना ते बघा.)

आधी एक प्रश्न: मेथोट्रेक्सेट खरंच फेल गेलंय का?

हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका. कितीतरी लोक आठवड्याला 7.5 किंवा 10 मिलिग्रॅमवरच अडकलेले असतात आणि त्यांना सांगितलं जातं की औषध लागू पडत नाही. ट्रायल्समध्ये ज्या डोसवर रिझल्ट आले ते डोस 15 ते 25 मिलिग्रॅमचे आहेत. त्यात परत असं की तोंडावाटे 15 च्या पुढे गेलं की पोटातून शोषण वाढतच नाही फारसं, म्हणून जास्त डोस लागत असेल तर तेच औषध कातडीखालच्या इंजेक्शनने घेतात, तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये जास्त औषध रक्तात पोचतं आणि बऱ्याच जणांची मळमळही कमी होते. फॉलिक ॲसिड सोबत हवंच. किती? चंदीगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलने 2015 साली आठवड्याला 10 आणि 30 मिलिग्रॅम अशी तुलना छापली होती, जास्त फॉलिक ॲसिडने जास्त फायदा काही दिसला नाही.

आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. चुकून रोज घेऊन रक्तपेशी पार खाली गेल्याच्या केसेस जगभर होतात आणि त्यात माणसं दगावतात. आम्ही घरी स्ट्रिपवर स्केचपेनने मोठ्ठं "रविवार" लिहितो आणि ती स्ट्रिप रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवतच नाही, वेगळ्या डबीत असते, म्हणजे नात जरी आजीला गोळ्या काढून द्यायला बसली तरी घोळ होत नाही.

डोस पुरेसा आहे, तीन महिने झालेत आणि तरी सूज आहे? मग खालचं वाचा.

ट्रिपल आणि बायोलॉजिक आमनेसामने

ट्रिपल म्हणजे मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे कोविडच्या वेळी जिच्यासाठी झुंबड उडाली होती तीच एचसीक्यू. तिन्ही जुनी, तिन्ही स्वस्त. बायोलॉजिक म्हणजे एटानरसेप्ट, अडालिमुमॅब, इन्फ्लिक्सिमॅब ही टीएनएफ नावाचं प्रोटीन अडवणारी औषधं, शिवाय वेगळ्या पद्धतीने काम करणारी आणखी काही. लोकांचा समज असा की महाग आहे म्हणजे जोरदारच असणार, आणि डॉक्टरने ट्रिपल लिहिलं की वाटतं आपल्याला स्वस्तातलं काहीतरी देऊन कटवलं.

हा समज ज्या ट्रायलने मोडला ती राकॅट, 2013 ची. अमेरिका आणि कॅनडातले 353 पेशंट, सगळ्यांना मेथोट्रेक्सेट पुरत नव्हतं, म्हणजे अगदी तुमच्यासारखेच. अर्ध्यांना ट्रिपल, अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट अधिक एटानरसेप्ट, आणि कोणाला काय मिळतंय हे ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. 24 आठवड्यांनी ज्यांना फरक नाही त्यांना गुपचूप दुसऱ्या बाजूला टाकलं. दोन्ही बाजूंनी असे बदलावे लागलेले 27 टक्केच निघाले. 48 आठवड्यांनी डीएएस28 चा (28 सांधे तपासून आजार किती जोरात आहे ते मोजणारा) स्कोअर ट्रिपलवाल्यांचा 2.1 ने आणि एटानरसेप्टवाल्यांचा 2.3 ने उतरला होता, म्हणजे फरक जवळपास नाहीच. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही की ट्रिपलने सुरुवात करून मग इंजेक्शनवर गेलेल्यांचंही पुढे नुकसान झालेलं दिसलं नाही. सहा महिने ट्रिपलला दिले तर गाडी चुकत नाही, हेच त्यातून समजतं.

2012 ची टीअर ट्रायल, 755 पेशंट, आजार नवीन असलेले, दोन वर्षं फॉलोअप, तिथेही ट्रिपल आणि एटानरसेप्टची स्कोअरच्या बाबतीत शेवटी बरोबरी. एक्स-रेवर मात्र एटानरसेप्टवाल्यांची हाडं किंचित कमी खराब झाली. स्वीडनच्या स्वेफॉटमध्ये 258 जणांत ट्रिपल विरुद्ध इन्फ्लिक्सिमॅब असं होतं, तिथे पहिल्या वर्षी इंजेक्शन सरळ पुढे होतं, चांगला रिस्पॉन्स 39 टक्के विरुद्ध 25, पण दुसऱ्या वर्षाअखेर तो फरक इतका कमी झाला की आकडेशास्त्राच्या हिशोबात धरण्यासारखा राहिला नाही, एक्स-रेवरचा थोडा फायदा तेवढा टिकला.

म्हणजे बायोलॉजिकच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्या: लवकर लागू पडतं, आणि एक्स-रेवर थोडं जास्त वाचवतं. म्हणून ज्यांचा अँटी-सीसीपी खूप जास्त आहे, एक्स-रेवर हाड आधीच कुरतडलेलं दिसतंय, सुजलेले सांधे भरपूर आहेत, त्यांनी थेट इंजेक्शनचा विचार करणं बरोबरच आहे, युरोपची गाइडलाइनही असंच सांगते. अमेरिकेची 2021 ची गाइडलाइन तर ट्रिपलपेक्षा बायोलॉजिक किंवा टोफासारख्या गोळीला झुकतं माप देते, एक कारण म्हणजे ट्रायलबाहेर, रोजच्या आयुष्यात लोक ट्रिपल सोडून देतात. का सोडतात ते गोळ्या मोजल्या की कळतं. सल्फासलाझिनच्या रोजच्या चार, वर एचसीक्यू, वर आठवड्याच्या मेथोट्रेक्सेटच्या, फॉलिक ॲसिड, कोणाला बीपीची कोणाला थायरॉइडची. पण त्याच गाइडलाइनमध्ये असंही आहे की जिथे पैशाची अडचण आहे तिथे निवड वेगळी असू शकते, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत ती अडचण असतेच.

ट्रिपलचे त्रास काय? सल्फासलाझिनने सुरुवातीला मळमळ, डोकं जड होणं, म्हणून ती एका गोळीपासून हळूहळू वाढवतात. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर ही गोळी नाहीच. पुरुषांमध्ये शुक्राणू कमी होऊ शकतात, बंद केल्यावर परत वाढतात, नवीन लग्न झालेल्या मुलाला हे कोणीतरी आधी सांगायला हवं, सहसा सांगत नाहीत. एचसीक्यू डोळ्याच्या पडद्यावर जाऊ शकते, म्हणून डोस वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमच्या आत, पहिल्या वर्षात एकदा पडदा तपासायचा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. किडनीचा त्रास असेल तर आणखी आधीपासून. आणि मेथोट्रेक्सेट-सल्फासलाझिन दोन्हीसाठी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) ठरलेल्या अंतराने, ते चुकवायचं नाही.

टीबी, म्हणजे आपल्याकडचा खरा प्रश्न

परदेशी तुलना वाचताना हा मुद्दा एका ओळीत संपतो, आपल्याकडे तो सगळ्यात वर हवा. टीएनएफ हे प्रोटीन शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवतं, ते अडवलं की टीबी जागा होऊ शकतो. 2001 मध्येच इन्फ्लिक्सिमॅबनंतरच्या 70 टीबी केसेस छापून आल्या होत्या. पुढे 2010 मध्ये ब्रिटनच्या रजिस्टरमधून दिसलं की सगळी इंजेक्शनं सारखी नाहीत, अडालिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅबवर टीबीचं प्रमाण एटानरसेप्टच्या तिपटीहून जास्त होतं, आणि निम्म्याहून जास्त केसेस फुप्फुसाच्या बाहेरच्या होत्या, म्हणजे खोकला नसतानाही टीबी. हे ब्रिटनमध्ये, जिथे टीबी मुळातच कमी. त्यामुळे आपल्याकडे इंजेक्शनच घ्यायचं ठरलं, घरात कधी टीबी होऊन गेलाय, तर "एटानरसेप्ट चालेल का" हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

टोफालाही ही भीती आहे. त्याच्या ट्रायल्समध्ये टीबीच्या 26 केसेस निघाल्या त्यातल्या 21 टीबी जास्त असलेल्या देशांतल्या होत्या. म्हणजे गोळी आहे म्हणून टेस्ट नको असं अजिबात नाही. छातीचा एक्स-रे, आयग्रा किंवा मॅन्टू (झोपलेला टीबी शोधायच्या टेस्ट), हिपॅटायटिस बी-सी, हे सगळं इंजेक्शन असो की टोफा, सुरू करायच्या आधी. टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आधी टीबी प्रतिबंधाचं औषध, मग बाकीचं. ट्रिपलमध्ये हे टीबीचं प्रकरण जवळजवळ येतच नाही, आणि माझ्यासाठी ट्रिपलच्या बाजूने सगळ्यात वजनदार कारण तेच आहे, स्वस्ताईचा नंबर त्यानंतर.

टोफा: सोपी गोळी, पण कोणासाठी?

5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, फ्रिज नको, सुई नको, आठवड्या-दोन आठवड्यांत फरक जाणवायला लागतो. भारतीय कंपन्यांची जेनेरिक आल्यापासून किंमत एवढी उतरलीय की आता ती सर्रास लिहिली जाते. आणि काम करते, यात शंका नाही. 2017 च्या ओरल स्ट्रॅटेजी ट्रायलमध्ये टोफा अधिक मेथोट्रेक्सेट हे अडालिमुमॅब अधिक मेथोट्रेक्सेटच्या तोडीस तोड निघालं. नुसती टोफा मात्र तेवढी आहे असं सिद्ध झालं नाही, म्हणजे चालत असेल तर मेथोट्रेक्सेट सोडायचं नाही.

मग अडचण कुठे? 2022 साली छापलेली ओरल सर्व्हेलन्स ही ट्रायल. पन्नाशी ओलांडलेले किंवा पन्नाशीतले, हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले 4362 पेशंट, सुमारे चार वर्षं फॉलोअप. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे टोफावर 3.4 टक्के, टीएनएफ इंजेक्शनवर 2.5. कॅन्सर 4.2 विरुद्ध 2.9. ट्रायलमध्ये टोफाचे दोन डोस होते; रक्ताच्या गुठळ्या, विशेषतः जास्त डोसवर, आणि नागीण दोन्ही डोसवर जास्त. याच ट्रायलच्या, छापून यायच्या आधीच हाती आलेल्या आकड्यांच्या जोरावर अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषध-नियंत्रण खातं) सप्टेंबर 2021 मध्ये सगळ्यात कडक वॉर्निंग लावली आणि सांगितलं की टीएनएफ इंजेक्शन फेल गेल्यावरच हे द्या. युरोपनेही 65 च्या पुढचे, सिगारेट ओढणारे किंवा बरीच वर्षं ओढलेले, हृदयाचा किंवा कॅन्सरचा धोका असलेले, अशांना दुसरा पर्याय नसेल तरच द्या असं म्हटलं.

आकडे नीट बघा. शंभरात जेमतेम एकाचा फरक आहे, घबराट करण्यासारखं नाही. पस्तिशीची, बीपी-शुगर नसलेली, सिगारेटच्या वाटेला न गेलेली बाई यात मोडतच नाही, तिच्यासाठी टोफा चांगला पर्याय असू शकतो. पण आपल्याकडे ही गोळी ज्यांना सर्रास लिहिली जाते त्यात साठी-पासष्टीचे, शुगर-बीपीवाले, कधीकाळी विडी ओढणारे काका भरपूर आहेत आणि घरच्यांना याबद्दल एक शब्द सांगितलेला नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या घरात असं कोणी टोफावर असेल तर स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या व्हिजिटला विषय काढा. नागिणीची लस आता इथेही मिळते, जिवंत विषाणूची नाही, तीही विचारा. आणि लिपिड प्रोफाइल, सीबीसी चालू ठेवा.

पैशाचं

ट्रिपल महिन्याला साधारण हजाराच्या आसपास बसतं, शहर आणि कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे. अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (म्हणजे बायोलॉजिकची स्वस्त नक्कल) डिसेंबर 2014 मध्ये आपल्याच देशात, झायडसने आणलं, त्यानंतर किमती उतरल्या, तरी इंजेक्शनचा महिन्याचा खर्च अजून कित्येक हजारांत जातो आणि बहुतेक मेडिक्लेममध्ये ओपीडीची औषधं बसत नाहीत. सुरू करण्याआधी "हे वर्षभर झेपेल का" हे घरात बसून ठरवा, कारण चार इंजेक्शनं घेऊन पैशासाठी सोडलं की आजार परत उसळतो.

आयुर्वेद?

कोणीतरी विचारणारच. कोइंबतूरला 43 पेशंटवर मेथोट्रेक्सेट विरुद्ध आयुर्वेद अशी डबल ब्लाइंड (कोणाला काय मिळतंय हे पेशंट-डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेली) ट्रायल झाली, 2011 ची, 36 आठवड्यांची, रिझल्ट साधारण बरोबरीचे आले. प्रामाणिक काम आहे पण ती पायलट, म्हणजे छोटी चाचपणीची ट्रायल होती, 43 जणांवरून मी आईचं मेथोट्रेक्सेट थांबवणार नाही. आणि बिना नावाच्या पुड्या, ज्या घेतल्या की तिसऱ्या दिवशी माणूस उड्या मारतो, त्यांपासून लांब राहा, त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड कालवलेलं असतं.

मग मी काय म्हणेन

डोस पूर्ण करूनही मध्यम सूज, हाडं अजून शाबूत: आधी ट्रिपल, तीन महिन्यांनी स्कोअर बऱ्यापैकी उतरला का बघा, सहा महिन्यांत टार्गेट, म्हणजे आजार शांत होणं, गाठलं नाही तर रेंगाळू नका. हाडं कुरतडायला लागलीत, पैसा किंवा कंपनीचं कव्हर आहे: इंजेक्शन. तरुण, धोके नाहीत, सुई नको, फिरतीची नोकरी: टोफा मेथोट्रेक्सेटबरोबर. प्रत्येक व्हिजिटला डीएएस28 मोजून फाइलवर लिहायला सांगा, "बरं वाटतंय ना?" यावर औषध ठरू देऊ नका, आपली माणसं विशेषतः आया तर कायम बरंच आहे म्हणतात.

आणि मूल हवं असेल तर वरची सगळी क्रमवारी बदलते. मेथोट्रेक्सेट किमान तीन महिने आधी बंद लागतं, टोफाही चालत नाही. सल्फासलाझिन फॉलिक ॲसिडबरोबर आणि एचसीक्यू चालू ठेवता येतात, आणि त्यावर भागलं नाही तर इंजेक्शनांमध्ये सर्टोलिझुमॅब बाळापर्यंत जवळजवळ पोचत नाही म्हणून ते निवडतात. आमवात तिशीतल्या बायकांना भरपूर होतो, त्यामुळे हा विषय डॉक्टर काढतील म्हणून थांबू नका, पहिल्याच भेटीत तुम्ही काढा, आजार शांत असताना ठरवलेलं बाळंतपण आईला आणि बाळाला दोघांनाही सोपं जातं.