ग्रेसी ॲलन पाहताना : एका डीव्हीडी संचाविषयी

बेळगावात गेली अठरा वर्षे मी हौशी मंडळींच्या एकांकिका बसवते आणि विनोदी स्त्री-भूमिका नीट वठवून घेणे ही माझी दरवर्षीची अडचण असते. मुली हुशार असतात, पाठांतर चोख असते. पण भोळी वहिनी किंवा विसराळू बायको वाट्याला आली की डोळे फिरवणे, जीभ चावणे आणि आवाज चिरका करणे सुरू होते. लेखकाने वाक्यात ठेवलेली गंमत त्या आरडाओरड्यात वाहून जाते. या अडचणीवर काही उपाय सापडतो का हे शोधत असताना अमेरिकन नटी ग्रेसी ॲलन हिच्याविषयी वाचनात आले आणि तिने पती जॉर्ज बर्न्स याच्याबरोबर केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेचा चार डीव्हीडींचा संच मी पुण्याच्या भाच्याकरवी मागवला. टपालखर्चासह तो एकवीसशे रुपयांना पडला. त्यात चोवीस भाग आहेत, म्हणजे साधारण अकरा तासांचा ऐवज आहे. दोन महिने तो पुन्हा पुन्हा पाहिल्यावर, आपल्या भागातल्या नाटकवेड्या माणसांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

आधी वस्तूविषयी. डीव्हीडी आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालतात. चित्र कृष्णधवल आहे आणि सुरुवातीच्या भागांत बरेच धूसर आहे. त्याला कारण आहे. ही मालिका १९५० च्या ऑक्टोबरात सुरू झाली तेव्हा ती थेट प्रक्षेपित होत असे, आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर कॅमेरा ठेवून फिल्मवर टिपून घेतलेली तेवढीच तिची नोंद मागे उरली आहे. १९५२ पासून मालिका फिल्मवर चित्रित होऊ लागली, त्यामुळे पुढचे भाग स्वच्छ दिसतात. आवाज मात्र बहुतेक ठिकाणी ऐकू येण्याजोगा आहे, आणि ग्रेसीच्या बाबतीत आवाजच महत्त्वाचा. खटकणारी मोठी उणीव म्हणजे पडद्यावर संवादाची अक्षरे अजिबात येत नाहीत. इंग्रजीचा सराव नसलेल्या माणसाला सोबत कोणीतरी सांगणारे लागेल. आमच्या घरी ते काम माझ्याकडे आले.

तिच्या विनोदाचा नमुना म्हणून एक प्रसिद्ध प्रसंग सांगते. घरात सुंदर फुले दिसतात. ती कुठून आली असे जॉर्ज विचारतो. ग्रेसी त्याला आठवण करून देते की, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात भेटायला जाशील तेव्हा तिची फुले ने, असे तूच सांगितले होतेस. म्हणून तिचे लक्ष नसताना मी ती उचलून आणली. इंग्रजीत ‘तिच्यासाठी फुले ने’ आणि ‘तिची फुले ने’ हे दोन्ही अर्थ एकाच वाक्यात मावतात. ग्रेसीने ऐकलेला अर्थ व्याकरणाला धरूनच आहे, फक्त तो जगातल्या दुसऱ्या कोणाच्या मनात आला नसता.

हे आईला समजावून सांगायला मला फार वेळ लागला नाही, कारण बेळगावचा कान अशा घोटाळ्यांना सरावलेला असतो. आम्ही शहापुरात नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या अक्का दारात येऊन विचारत्या झाल्या, “हत्ती ऐतेन?” आई खानापूरकडच्या खेड्यातून आलेली, कन्नड तिला तेव्हा येत नव्हते. सकाळच्या पारी ही बाई आपल्या घरात हत्ती आहे का म्हणून का विचारते, या विचाराने ती दारातच उभी राहिली. अक्कांना समईच्या वातीसाठी कापूस हवा होता. कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस. आणि त्यांच्या ‘आने’ला आपण हत्ती म्हणतो, आपल्या आण्याचा त्याच्याशी संबंध नाही, हे आई पुढे शिकली. ग्रेसीला कोणी अशा दारात उभे केले असते तर तिने हत्ती नसल्याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त केली असती, वर हत्तीला लागणाऱ्या वैरणीची चौकशीही केली असती, आणि शेवटी अक्काच गोंधळून परत गेल्या असत्या. मालिकेत जॉर्जच्या घरी टोप्यांनी भरलेले एक कपाट आहे. ग्रेसीशी बोलून चक्रावलेले पाहुणे घाईने बाहेर पडताना ज्या टोप्या विसरून गेले, त्या सगळ्या तिथे जमलेल्या आहेत.

ग्रेसीचे पात्र मूर्ख आहे असे समजून ही मालिका पाहिली तर निम्मी मजा जाते. तिच्या प्रत्येक कृतीला कारण असते आणि ते कारण ती शांतपणे सांगते. मिठाच्या भांड्यात ती मिरपूड भरते आणि मिरपुडीच्या भांड्यात मीठ, कारण लोकांची नेहमी गल्लत होते. आता गल्लत झाली की बरोबर तेच हाती येईल. मांस भाजण्याची तिची कृतीही अशीच आहे. भट्टीत एक मोठा तुकडा ठेवायचा आणि एक लहान; लहान करपला की मोठा झाला असे समजायचे. मिठाची गोष्ट मी आईला सांगितली तेव्हा ती हसली नाही. क्षणभर विचार करून म्हणाली, “बरोबरच हाय की तिचं.” त्यानंतर मात्र तिला हसू आवरेना. आधी पटावे आणि मग हसू फुटावे, हा क्रम ग्रेसीने साधला आहे आणि तो साधणे अत्यंत अवघड आहे. पडद्यावर तिचा चेहरा नीट पाहावा. ती कधीही गंमत केल्यासारखी हसत नाही, प्रेक्षकांकडे डोळा घालत नाही, वाक्य संपल्यावर टाळीसाठी थांबत नाही. समोरच्याला इतकी सोपी गोष्ट कशी कळत नाही याची तिला थोडी काळजी वाटते, एवढेच चेहऱ्यावर दिसते. असंगत वाक्ये पाठ करणे किती कठीण असते हे नाटकात काम केलेल्यांना सांगायला नको. एका वाक्यावरून दुसरे आठवण्याची सोयच नसते. ही बाई पानेच्या पाने असे संवाद अडखळल्याशिवाय बोलते, आणि तेही थेट प्रक्षेपणात, पंचावन्नच्या आसपासच्या वयात.

संचासोबत एक घडीपत्रक येते. त्यात तिच्या आयुष्याविषयी जेमतेम दहा ओळी आहेत आणि मला ते अन्यायाचे वाटले. ग्रेसीचा जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, २६ जुलैचा. वर्ष बहुधा १८९५ धरले जाते. ती स्वतः १९०६ सांगत असे, आणि जन्माचा दाखला त्या वर्षीच्या भूकंपात नष्ट झाला म्हणत असे. भूकंप तर एप्रिलमध्ये झाला आणि तुझा वाढदिवस जुलैत, असे कोणी दाखवून दिले तेव्हा ‘तो फारच मोठा भूकंप होता’ असे उत्तर तिने दिल्याचे सांगतात. वडील गाणारे-नाचणारे कलावंत होते. बहिणींबरोबर ती आयरिश नृत्ये करीत रंगमंचावर आली. लहानपणी एका हाताला भाजल्याचा व्रण राहिल्यामुळे ती कायम लांब बाह्यांचे कपडे घाले. संचातल्या एकाही भागात तिच्या बाह्या आखूड नाहीत हे मी मुद्दाम पाहिले. तिचा एक डोळा निळा आणि एक हिरवा होता. कृष्णधवल चित्रात ते कळायला मार्ग नाही.

जॉर्जची आणि तिची गाठ १९२२ च्या सुमारास न्यू जर्सीत पडली. त्या काळच्या व्होडव्हिलमध्ये, म्हणजे नाच, गाणी, कसरती आणि नकला एकामागून एक होणाऱ्या रंगमंचीय खेळांत, दोघांनी जोडीने काम सुरू केले. पहिल्या प्रयोगात विनोदी वाक्ये जॉर्जची होती आणि ग्रेसी फक्त साधे प्रश्न विचारत होती. लोक तिच्या प्रश्नांना हसले आणि त्याच्या विनोदांना गप्प बसले. जॉर्जने लगेच वाक्यांची अदलाबदल केली, आणि आपल्या थोरपणाचा खरा भाग हाच असे तो आयुष्यभर सांगत राहिला. प्रेक्षकांचा तिच्यावर किती जीव होता याची एक खूण त्यानेच सांगितली आहे: प्रयोगाआधी थिएटरातला वारा कुठल्या दिशेला वाहतो ते तो पाहून ठेवी, कारण त्याच्या चिरुटाचा धूर ग्रेसीच्या तोंडावर गेलेला लोकांना खपत नसे. ७ जानेवारी १९२६ रोजी क्लीव्हलंड येथे त्यांचे लग्न झाले.

रेडिओवर त्यांचे बस्तान १९३२ मध्ये बसले. दुसऱ्याच वर्षी ग्रेसीचा भाऊ हरवला आहे असा एक बनाव रचण्यात आला आणि ती दुसऱ्यांच्या कार्यक्रमांत अचानक शिरून ‘माझा भाऊ पाहिलात का’ असे विचारू लागली. देशभर लोक हसले. तिचा खराखुरा भाऊ मात्र सॅन फ्रान्सिस्कोत हिशेबनिसाचे काम करणारा साधा माणूस होता, आणि या गदारोळापासून लपण्यासाठी त्याला काही काळ खरोखरच दिसेनासे व्हावे लागले. १९४० मध्ये तिने राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लुटुपुटूची उमेदवारी जाहीर केली. पक्षाचे नाव ‘सरप्राइज पार्टी’, निशाणी कांगारू. आगगाडीने गावोगाव भाषणे करीत ती ओमाहापर्यंत गेली, आणि तिथे पक्षाचे अधिवेशनही भरले. आपल्या सीमाभागात निवडणुकीचा प्रचार ही किती गंभीर गोष्ट आहे हे मी सांगायला नको. इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या सौजन्याने केलेली अशी थट्टा मला तरी दुसरी ठाऊक नाही.

मालिकेची रचना आजही नवी वाटते. जॉर्ज मध्येच कथेतून बाहेर येऊन प्रेक्षकांशी बोलतो आणि पुन्हा आत जातो. आपल्या तमाशातल्या सोंगाड्याला ही सवलत पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यामुळे आपल्याला ते परके वाटत नाही. शेजारी हॅरी मॉर्टनचे काम वेगवेगळ्या काळात चार नटांनी केले. १९५३ मध्ये नट बदलला तेव्हा जॉर्जने चालू प्रसंग थांबवला, नव्या नटाची त्याच्या पडद्यावरच्या बायकोशी रीतसर ओळख करून दिली, दोघांनी एकमेकांचे कौतुक केले, आणि मग थांबलेले भांडण तिथूनच पुढे सुरू झाले. हा भाग तिसऱ्या डीव्हीडीवर आहे. डबाबंद दुधाच्या जाहिरातीही कथेतच गुंफलेल्या आहेत. संच काढणाऱ्यांनी त्या कापल्या नाहीत हे चांगले केले, कारण त्या काळचा कार्यक्रम कसा दिसत होता ते त्यामुळे कळते.

वेष्टनावर मात्र जॉर्जचे चित्र मोठे आहे आणि ग्रेसी त्याच्या खांद्यामागून डोकावते. हे मला मान्य नाही. १९५८ मध्ये प्रकृतीमुळे ग्रेसी निवृत्त झाली. जॉर्जने बाकी सगळी मंडळी घेऊन आपल्या नावाने मालिका चालवली आणि ती एका हंगामात बंद पडली. शेजारी तेच होते आणि जॉर्जही तोच. ग्रेसी २७ ऑगस्ट १९६४ रोजी वारली. जॉर्ज पुढे शंभर वर्षांचा होईपर्यंत जगला, त्याला ऑस्करही मिळाले, पण सगळे काही ग्रेसीच होती हे सांगण्यात त्याने कधी कसूर केली नाही. वेष्टन करणाऱ्यांनी निदान त्याचे तरी ऐकायला हवे होते.

दुसरी तक्रार शेवटांची. प्रत्येक भाग संपताना जॉर्ज तिला प्रेक्षकांचा निरोप घ्यायला सांगतो आणि ती नुसते ‘गुड नाइट’ म्हणते. ती त्याचेच सगळे वाक्य उलट म्हणून दाखवत असे, अशी समजूत तिकडेही पसरलेली आहे. ती खरी नाही. या साध्या दोन शब्दांत तिचा स्वर किती मऊ होतो ते ऐकण्यासारखे आहे, आणि संचातल्या सात भागांत नेमका हाच शेवट कापलेला आहे. चौथी डीव्हीडी माझ्याकडे अडकतही होती. विकणाऱ्याला दोनदा कळवले. बदलून देतो म्हणाला, अजून दिलेली नाही.

तरीही पैसे वाया गेले असे मला क्षणभरही वाटले नाही. यंदाच्या एकांकिकेत भोळ्या काकूचे काम करणाऱ्या निपाणीच्या मुलीला मी घरी बोलावून दोन भाग दाखवले. दुसऱ्या दिवशी तालमीत तिने तिचे नेहमीचे वाक्य तोंड न वेंगाडता, घरी चहा विचारावा तितक्या सहजपणे म्हटले, आणि विंगेत उभा असलेला प्रकाशयोजनेचा मुलगा, ज्याने ते वाक्य महिनाभर ऐकले होते, पहिल्यांदा हसला.

घेणाऱ्यांसाठी एवढेच: पहिली डीव्हीडी नंतर पाहावी, तिथले धूसर चित्र पाहून नवा माणूस कंटाळतो. दुसरीपासून सुरुवात करावी. एका बैठकीला दोनच भाग पाहावेत, आणि घरात कोणी वडीलधारे माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून, थांबवत थांबवत, आपल्या बोलीत सांगत पाहावेत.