एमएस्सी जिऑलॉजी, नागपूर: चार सेम झाल्यावर

चौथ्या सेमचा निकाल लागला, पास झाले, आणि त्याच संध्याकाळी आमच्या काटोलच्या एका ओळखीच्या पोराचा फोन आला. "ताई, मी पण जिऑलॉजीच घेऊन राहिलो. तुमचं डिपार्टमेंट कसं आहे?" त्याला अर्धा तास जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला लिंक पाठवता येईल. विद्यापीठाचं नाव टाकत नाही. नागपुरात हा विषय एकाहून जास्त ठिकाणी शिकवतात, आणि माझी डिग्री अजून हातात पडायची आहे.

पहिल्यांदा वर्गाबद्दल. आमचे सगळ्यात सिनियर सर स्ट्रॅटिग्राफी (दगडांचे थर आणि त्यांचा काळ) शिकवतात, म्हणजे सांगतात आणि आपण लिहितो. कॉमा, फुलस्टॉपसकट. जळगावहून आलेल्या एकाने पहिल्या आठवड्यात खरोखरच वहीत "कॉमा" असं अक्षरी लिहिलं होतं, ते आम्ही दोन वर्षं त्याला ऐकवलं. सरांच्या नोट्समध्ये 'टर्शरी' कालखंड अजून थाटात नांदतो आहे. आंतरराष्ट्रीय कालमापनात त्याच्या जागी पॅलिओजीन आणि निओजीन कधीच आले. प्राध्यापकीच्या नेट परीक्षेच्या तयारीला बसलो तेव्हा आम्हाला अर्धं पुन्हा वाचावं लागलं. एकीने भीत भीत विचारलं तर सर म्हणाले, "पेपरात जे विचारतात ते लिहा." पेपर काढणारेही त्यांच्याच पिढीचे, त्यामुळे ते चुकीचं बोलले असं म्हणता येत नाही.

आता याच सरांना फील्डवर बघा. दुसऱ्या सेमला रामटेकजवळच्या मनसरला गेलो होतो, मॉयल या सरकारी कंपनीच्या मँगनीज खाणीवर. गेटवर हेल्मेट घातलं आणि माणूस बदलला. साठीला आलेले सर उकिडवे बसले, हातोडीने एक दगड फोडला आणि ताज्या बाजूला थुंकी लावून आमच्यापुढे धरला. (दगड ओला केला की खनिजं उठून दिसतात, पाण्याची बाटली जवळच होती, पण असो.) आत नारिंगी-तपकिरी दाणे चमकत होते. "हे स्पेसार्टिन. गार्नेट. बाजूला क्वार्ट्झ. दोन्ही मिळून गोंडाइट. फर्मर नावाच्या जिऑलॉजिस्ट साहेबाने इथल्या गोंड लोकांवरून नाव ठेवलं. जगात कुठेही मँगनीजवरचं पुस्तक उघडा, त्यात हा शब्द आहे. आणि तुम्ही रामटेकला नुसते दर्शनाला येता!" चार तास ते बोलत होते, एकही नोट नाही, एकही कॉमा नाही. डिप-स्ट्राइक मला त्या दिवशी कळलं, कारण त्यांनी माझ्या हातातली वही थराच्या उतारावर टेकवून त्यावर बाटलीतलं पाणी सोडलं. पाणी ज्या दिशेने गेलं ती डिप, तिला काटकोनात स्ट्राइक. सोमवारी वर्गात आलो, सर आले, हजेरी झाली. "लिहा." झालं.

पेट्रोलॉजीला, म्हणजे खडकांच्या विषयाला, पहिलं वर्ष एक मॅडम होत्या, सीएचबीवर. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व. घेतील तेवढ्या तासांचे पैसे, सुट्टीचे नाही, परीक्षेच्या महिन्यांचे नाही, पुढच्या सत्राला पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखत. मॅडमकडे सेट आणि पीएचडी दोन्ही होतं. आमच्याकडे तीन दिवस, उरलेले दिवस दुसऱ्या एका कॉलेजात, मध्ये डब्बा अ‍ॅक्टिव्हाच्या डिक्कीत. त्यांनी पहिल्याच तासाला विचारलं, "सीताबर्डीची टेकडी कशाची आहे?" आम्ही चौदा जण. कोणी किल्ला म्हणालं, कोणी मिलिटरीची म्हणालं. बसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड, म्हणायचं कुणालाच सुचलं नाही, आणि आम्ही सगळे बीएस्सी जिऑलॉजी होतो.

टाकळीचं त्यांनीच सांगितलं. काटोल रोडकडची आपली टाकळी. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप पाद्री होते एवढंच मला ठाऊक होतं. पण या माणसाने हंटर नावाच्या सोबत्याबरोबर टाकळीच्या आसपास जीवाश्म वेचले, १८५५ साली त्यावर लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख छापून आणला, आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेला. लाव्हाचा एक थर थंड होऊन दुसरा यायच्या मधल्या काळात इथे तळी होती, त्यात गोगलगायी होत्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. एका रविवारी मॅडम आम्हाला तिकडे घेऊन गेल्या, स्वतःच्या पेट्रोलने. आता तिथे सगळे फ्लॅट. एका बांधकामाच्या पायाच्या ढिगाऱ्यात आम्ही तासभर उकरत बसलो, वॉचमन विचारतो, "काय हरवलं मॅडम?" शेवटी राखाडी चर्टचा (गारगोटीसारखा कडक दगड) एक तुकडा मिळाला, त्यात नखाएवढा शंख, पिळासकट. तो माझ्या टेबलावर आहे.

तिसऱ्या सेमला मॅडम नव्हत्या. नेमणूक संपली होती, नवीन मुलाखती दिवाळीच्या तोंडावर झाल्या, तोवर पेट्रोलॉजीचा तास म्हणजे कॅन्टीन. मॅडमनी एका कोचिंग क्लासमध्ये नोकरी धरली असं कळलं. त्यांच्या जागी आलेल्या सरांचं नाव मला शेवटपर्यंत नीट पाठ झालं नाही, यात त्यांचा दोष नाही, ते पण फेब्रुवारीत गेले.

आता सेक्शन लॅब. हे लिहायला मला सगळ्यात जास्त आवडतं आहे. दगडाचा पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली बघायचा, त्याला थिन सेक्शन म्हणतात. जाडी ०.०३ मिलिमीटर. यंत्र आहे, पण आम्ही होतो तोवर 'दुरुस्तीला' होतं, म्हणून हाताने. चिप काचपट्टीवर चिकटवायची, मोठ्या काचेवर कार्बोरंडमची पावडर आणि थोडं पाणी घालायचं, आणि इंग्रजी आठच्या आकारात घासत बसायचं. अर्धा तास, पाऊण तास. बोटांची टोकं पांढरी पडतात. मी मनसरहून आणलेल्या नाइसचा (पट्ट्यापट्ट्यांचा दगड) काप करत होते. लॅब अटेंडंट काका मागे स्टुलावर बसून नुसता आवाज ऐकत होते.

"जाड हाय अजून."

"काका, तुम्ही बघितलं पण नाही."

"आवाज येऊन राहिला ना."

मायक्रोस्कोपखाली ठेवलं. क्वार्ट्झ पिवळसर. म्हणजे जाडच. क्वार्ट्झ राखाडी-पांढरा झाला की थांबायचं, त्यापुढे दहा फेऱ्या जास्त झाल्या की दगड संपतो आणि हातात नुसती काच राहते. माझे दोन काप असे गेले. तिसऱ्या वेळी काकांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि "बस" म्हणाले, आणि तेव्हा राखाडी होता. नंतर डोळा लावून म्हणाले, "हे पाय, चौकडीची लुंगी. ही मायक्रोक्लीन." मायक्रोक्लीन हे एक खनिज, आणि पुस्तकात त्यातल्या चौकडीला क्रॉस-हॅच्ड ट्विनिंग म्हणतात आणि अर्धं पान लिहितात. मी परीक्षेत व्हायव्हाला लुंगी म्हणता म्हणता राहिले.

चौदा मुलांत पाच मायक्रोस्कोप, त्यातल्या एकाचा अ‍ॅनालायझर अडकलेला. नंबर लावून बघायचं.

बाकी भराभर. लायब्ररी चांगली आहे, जुने मेमॉयर्स (भूगर्भ सर्वेक्षणाचे ग्रंथ) आहेत, फक्त साडेपाचला पंखे बंद करतात. ऑफिसात बोनाफाइडला तीन चकरा धरूनच निघा. महाडीबीटीचा फॉर्म कॉलेज लेव्हलला अडकतो, रोज लॉगिन करून काही होत नाही, त्या टेबलावर जाऊन उभं राहावं लागतं. माझी पहिल्या वर्षाची स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षाच्या होळीला आली. इंटर्नलच्या मार्कांबद्दल जे ऐकाल त्यातलं अर्धं खरं आहे. मे महिन्यात प्रॅक्टिकल असेल तर स्वतःचं पाणी न्या. गेटवरचे तर्री-पोहे बरे, तर्री जरा पातळ.

माझा खरा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. जिऑलॉजीसाठी नागपूरसारखं गाव नाही. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे, जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) विभागीय कार्यालय सेमिनरी हिल्सवर, वेकोलि (कोळसा खाणींची वेस्टर्न कोलफील्ड्स) इथे, राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय इथे. मॉयल भवन तर काटोल रोडवरच, एसटीच्या खिडकीतून मी दर शनिवारी बघायचे. दोन वर्षांत यातल्या एकाही गेटच्या आत आम्हाला कोणी नेलं नाही. यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा असते हेसुद्धा मला सीएचबी मॅडमकडून कळलं, आणि हायड्रोजिऑलॉजीचा, म्हणजे भूजलाचा, अख्खा पेपर आम्ही एकही विहीर न बघता दिला. घरी संत्र्याची बाग, बोअरचं पाणी खाली गेलेलं. बाबा म्हणाले, "शिकली ना तू, मंग सांग कुठं लागन पाणी." मी बसाल्टच्या भेगा, जाळीदार थर वगैरे सांगितलं. ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बोट ठेव." मला ठेवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी नारळवाला पाणाड्या आला.

फोनवरचा पोरगा हे सगळं ऐकून गप्प झाला, मग म्हणाला, "मंग घेऊ का नको ताई?"

घे म्हटलं. हँड लेन्स दहा एक्सची घे, फील्ड एकही चुकवू नको, आणि पहिल्याच आठवड्यात सेक्शन लॅबला जा. काकांच्या रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलंय. तुझे तीन सेम निघतात.