मुंबई ते ऑकलंड: एका दमात की सिंगापूरला मुक्काम करून?

न्यूझीलंडची सहल ऑकलंडपासून सुरू होत असेल, तर मुंबई ते सिंगापूर साधारण साडेपाच तास आणि पुढे दहाएक तास विमानात जातात. मध्ये थोडा वेळ थांबून पुढचं विमान पकडावं की एक रात्र राहावं?

एका दमात गेलं की खर्च कमी. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील आणि सामान थेट ऑकलंडला जात असेल, तर विमानतळाबाहेर न पडता सिंगापूरच्या व्हिसाशिवाय भागतं. सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या तिसऱ्या टर्मिनलमधली फुलपाखरांची बाग आतच आहे. विमानतळाला जोडलेल्या ज्वेल मॉलमधला ४० मीटर उंचीचा धबधबा मात्र इमिग्रेशनच्या पलीकडे.

मुक्कामाला व्हिसा आणि हॉटेलचा खर्च आलाच. तरी आई-बाबा सोबत असतील तर मी मुक्कामच करायला सांगेन. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, ऑकलंडचं साडेसहा, तिकडच्या उन्हाळ्यात साडेसात. हा फरक दोन टप्प्यांत पचला, रात्रभर पाठ टेकता आली, की सहलीचा पहिला दिवस बसमध्ये पेंगण्यात जात नाही. तरुणांनी खुशाल सरळ जावं.

आणि लाडू-चिवडा नेलात तर उतरण्याआधी न्यूझीलंडच्या प्रवेश अर्जात नक्की लिहा. लपवलेल्या खाऊला ४०० न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो.