घरच्या घरी ऑईल बदल: सोलापुरात वर्ष काढल्यानंतर

माझी पेट्रोल स्विफ्ट आहे, १.२ लिटर के-सिरीज इंजिनाची. वॉरंटी संपल्यापासून तिचं इंजिन ऑईल आणि फिल्टर मी जुळे सोलापुरातल्या घराच्या अंगणातच बदलतो. आता वर्ष उलटलं, उन्हाळा-पावसाळा दोन्ही झाले, म्हणून सविस्तर लिहितोय. बोल्ट सोडून काळं ऑईल काढणं हा यातला सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत अस्सल माल मिळवण्यात आणि जुनं ऑईल मार्गी लावण्यात आहे.

आधी ऑईल. माझ्या मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० लिहिलंय, ही ऑईल किती पातळ-दाट आहे ते सांगणारी ग्रेड. दुकानात तेवढं मागितलं की हमखास ऐकायला मिळतं, "मालक, आपल्याकडच्या उन्हाला पातळ ऑईल चालत नसतंय. वीस-पन्नास टाका की, बिनघोर राहा." म्हणजे दाट २०डब्ल्यू-५०. मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, त्यामुळे हे कुणालाही पटतं. पण ग्रेडमधला दुसरा आकडा १०० अंशांना ऑईल किती दाट राहतं ते सांगतो, आणि तापलेल्या इंजिनात ऑईल साधारण तेवढंच गरम असतं, बाहेर सोलापूर असो की महाबळेश्वर. १०० अंशांना ५० ग्रेडचं ऑईल २० ग्रेडच्या दुपटीहून दाट असतं. बारीक वाटांचं इंजिन बनवणाऱ्याने पातळ ऑईल धरून बनवलंय, तर त्यात दाट ऑईल ओतून आपण त्याचं भलं करत नाही. भर उन्हाळ्यात पुण्याला जाऊन-येऊनही ऑईल मोजायच्या पट्टीवरची पातळी खालच्या खुणेच्या बरीच वर राहिली. मी आता कुणाशी वाद घालत नाही, मॅन्युअलचं पान मोबाईलवर दाखवतो. डब्यावर एपीआय एसपी आहे का तेही बघतो, हा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला ऑईलचा दर्जा. २०२० साली आलेला हा दर्जा आधीचा एसएन दर्जा मागणाऱ्या पेट्रोल इंजिनांनाही चालतो. फिल्टरसकट ३.१ लिटर लागतं. ३.५ लिटरचा कॅन मिळतो, उरलेलं वरून टाकायला कामी येतं.

आता फिल्टर. इथे सर्वात जास्त सावध राहावं लागतं, कारण वस्तू दोनशेच्या आतली आणि नक्कल सोपी. "कंपनीचाच आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतात, पार्ट नंबर घालून बिल द्या म्हटलं की सूर बदलतो. ऑनलाइन मागवलेल्या एका फिल्टरच्या खोक्यावर छपाई फिकी होती आणि स्टिकर वाकडं, तो तसाच परत पाठवला. खोकं मात्र हुबेहूब बनवता येतं, म्हणून मी फिल्टर खोक्यातून काढून तोंडाकडून बघतो. कडेच्या छोट्या भोकांच्या आत रबराची पट्टी असते. इंजिन बंद असताना फिल्टरमधलं ऑईल मागे जाऊ नये हे तिचं काम. काडीने दाबली तर ती मऊ लागली पाहिजे आणि सोडल्यावर नीट बसली पाहिजे. कडक किंवा सैल असेल तर सकाळी गाडी सुरू करताना ऑईल वर पोहोचेपर्यंत इंजिन कोरडं खडखडतं. शेवटी मला सगळ्यात भरवशाची जागा सापडली ती अधिकृत डीलरचा स्पेअर काउंटर. तिथे गाडी न लावताही छापील किमतीला माल आणि पक्कं बिल मिळतं. ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑईल काढायला खालून सोडतात त्या बोल्टचा वॉशरही तिथूनच, एकदम चार-पाच घेऊन ठेवतो. बाहेरच्या दुकानांत तो मागितला की जुनाच उलटा करून बसवा म्हणतात. वॉशर दर वेळी नवा हवा, त्यात काटकसर नको.

हत्यारांत एकच गोष्ट महाग घेतली, टॉर्क पाना, म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानेच आवळता येतो असा पाना. मॅन्युअल ड्रेन बोल्टसाठी ३५ न्यूटन मीटर सांगतं. गॅरेजात पाईप लावून आवळलेले बोल्ट आणि आटे गेलेली चेंबरं (इंजिनाखालची ऑईलची भांडी) मी पाहिली आहेत, त्यापुढे या पान्याचे पैसे काहीच नाहीत. फिल्टर हातानेच: त्याच्या तोंडावरच्या रबरी रिंगला नवं ऑईल चोळायचं, टेकला की पुढे पाऊण फेरा. गाडीसोबतचा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर खाली शिरू नये. मी गाडी उचलून खाली दोन लोखंडी स्टँड लावतो आणि त्यांच्याखाली जाड प्लायवूड घालतो, कारण आपल्या अंगणातली शहाबादी फरशी स्टँडच्या पायाखाली तडकते. पुसायला पूर्व भागातल्या कारखान्यांतून टॉवेलच्या चिंध्या किलोवर आणतो, त्या ऑईल फार छान टिपतात.

पैसे वाचतात, पण त्यासाठी कुणी यात पडू नये. ऑईल दीड-दोन हजारांचंच येतं, वाचते ती मजुरी. मला मोल आहे ते इंजिनात काय गेलं हे स्वतः पाहिल्याचं. त्याच निमित्ताने एअर फिल्टरही बघून होतो. माझी गाडी दिवसभर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत उभी असते. धुळीबरोबर कापसाची तूस त्यावर अशी बसते की मी तो सांगितलेल्या अंतराच्या आधीच बदलतो.

जुन्या ऑईलबद्दल मी आग्रहाने लिहितोय. वाळवीसाठी दाराला फासायला द्या, कुंपणाच्या खांबांना द्या, असं शेजारीपाजारी मागतात. मी देत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल हा घातक कचरा आहे. आपल्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, मधल्या दिवसांत अर्धी गल्ली बोअरवर जगते. त्याच जमिनीत हे मुरू द्यायचं नाही. ओळखीच्या एका गॅरेजवाल्याकडे पुनर्प्रक्रियेसाठी ऑईल उचलणारी गाडी येते, त्याच्या बॅरलमध्ये मी ओततो. त्याची अट एकच, कूलंट किंवा पाणी मिसळलेलं नको. ओतून झालं की रिकाम्या कॅनला तिथेच भोकं पाडून मग भंगारात देतो. धड कॅन पुन्हा भरून, नवं झाकण लावून बाजारात येतो आणि दुसऱ्या कुणाच्या तरी इंजिनात जातो.