विद्यापीठाची मुख्य इमारत की फर्ग्युसन?

बाहेरगावचे पाहुणे, हाताशी एकच सकाळ. शनिवारवाडा नि पर्वती आधीच झालेली. अशांना पुण्यातली जुनी दगडी विद्येची वास्तू दाखवायची, तर कुठली?

नुसती इमारत बघायची असेल तर विद्यापीठ. मुंबईच्या गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी १८६४ मध्ये ती बांधायला घेतली, १८७१ मध्ये पुरी झाली. वडांच्या दाटीतून पुढे गेलं की तो उंच मनोरा नजरेत भरतो. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा आटोपून रँड इथूनच निघाला आणि चापेकर बंधूंनी त्याला गणेशखिंड रस्त्यावर गाठलं. हे सांगितलं की पाहुणे त्या हिरवळीकडे पुन्हा एकदा वळून बघतात.

पण तिथवर जायचं म्हणजे विद्यापीठ चौक! २०२० मध्ये जुना पूल पाडला, मग मेट्रोचे खांब, मग नवा पूल. पेठेतून निघालेली रिक्षा त्या चौकाच्या अलीकडे थांबते ती थांबतेच. सासूबाईंना घेऊन गेलो होतो, तर त्या म्हणाल्या, "अहो, इथं उतरून चालू या का?" ऊन वाढत होतं, गुडघे दुखत होते, आणि फाटकापासून इमारत पुन्हा आत लांब. पोचेपर्यंत बघायची हौसच उरली नव्हती. कुणाला यापेक्षा बरा अनुभव आलाही असेल.

फर्ग्युसनला डेक्कनवरून रमतगमत जाता येतं. भपका कमी, हे खरं. पण गव्हर्नरसाठी बांधलेल्या वास्तूपेक्षा टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८५ मध्ये काढलेलं हे कॉलेज मला जवळचं वाटतं. आगरकर इथले प्राचार्य होते. भिंतीजवळ गेलात तर दगडावर हात फिरवा, टाकीचे घाव बोटांना लागतात. वाडिया ग्रंथालय चुकवू नका. २२ जुलै १९३१ रोजी वासुदेव बळवंत गोगटे या इथल्याच विद्यार्थ्यानं हंगामी गव्हर्नर हॉटसनवर तिथं गोळ्या झाडल्या. हॉटसन वाचला, गोगटे पुढे पुण्याचे महापौर झाले.

दोन्हीकडे फाटकावर विचारपूस होते, ओळखपत्र जवळ असू द्या. स्वतःची गाडी असेल आणि रविवारी सकाळी सातला निघणार असाल, तर विद्यापीठाला जरूर जा. एरवी मी फर्ग्युसनच सुचवीन, आणि बाहेर पडल्यावर वैशालीत डोसा.